बाळंतिणीच्या उशाशी कोणतं पुस्तक?

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलपुढे उसळणारी गर्दी हा आपल्या सगळ्यांच्या अभिमानाचा विषय आहे. संविधान, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म', चरित्रं, कवितासंग्रह, स्पर्धा परीक्षेची गाइडं, सगळं तिथे मिळतं. पण घरात पहिलं बाळ येणार असलेल्या जोडप्याच्या हातात काय द्यावं, असं विचारलं तर स्टॉलवरचा कार्यकर्ता बराच वेळ शोधत राहतो. मी हा प्रश्न अनेक ठिकाणी विचारून पाहिला आहे. बहुतेक वेळा सावित्रीमाईंचं किंवा रमाईचं चरित्र हातात पडतं. दोन्ही वाचावीत अशीच, पण गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात पायाला सूज आली तर काय करायचं, हे त्यांत नसतं.

ही जागा रिकामी राहत नाही. दुसरं कुणीतरी ती भरतं. ऑफिसातली मैत्रीण डोहाळजेवणाला 'गर्भसंस्कार'चं जाडजूड पुस्तक भेट देते. मोबाइलवर गर्भसंस्काराचे व्हिडिओ सुरू होतात. मराठीत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या विषयावरची पुस्तकं भरपूर खपली. बालाजी तांबे यांचं 'आयुर्वेदीय गर्भसंस्कार' हे त्यांतलं घरोघरी माहीत असलेलं नाव. आपल्या वस्त्यांमधल्या शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या मुलींच्या घरीही अशी पुस्तकं आता दिसतात. ती वाचणाऱ्या मुलीला नावं ठेवण्यात अर्थ नाही. तिला भीती वाटत असते, तिला कुणीतरी नीट समजावून सांगायला हवं असतं, आणि तसं सांगणारं मराठी पुस्तक तिला बाजारात तेवढंच दिसतं.

या पुस्तकांत काय असतं? सगळंच वाईट नसतं. वेळेवर जेवा, पुरेशी झोप घ्या, मन शांत ठेवा, दारू-तंबाखूपासून दूर राहा, हा सल्ला कुणीही मान्य करील. पोटातल्या बाळाला गरोदरपणाच्या उत्तरार्धात आवाज ऐकू येतात, हेही खरं आहे. अडचण त्यापुढच्या उडीत आहे. अभिमन्यूने आईच्या पोटात चक्रव्यूह ऐकला, तेव्हा तुम्ही अमुक मंत्र ऐकलात तर बाळ तेजस्वी, गोरं, बुद्धिमान होईल, असं सांगितलं जातं. या मांडणीला एक जुना पाया आहे. माणसाची योग्यता जन्माआधीच, बीज आणि संस्कार यांनी ठरते, हा तो पाया. जातीची इमारतही त्याच पायावर उभी राहिली. 'सुप्रजा' या शब्दाला विरुद्ध बाजूही असते आणि त्या बाजूला कुणाला उभं केलं गेलं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

शिवाय सोळा संस्कारांतला 'पुंसवन' हा संस्कार मुलगाच व्हावा यासाठीचा आहे. काही पुस्तकं आणि वैदू आजही त्याचे उपाय आडवळणाने सुचवतात. आपल्या कायद्यात (१९९४ चा गर्भलिंगनिदान प्रतिबंधाचा कायदा, २००३ ची दुरुस्ती) गर्भलिंग निवडीची व्याख्या फक्त सोनोग्राफीपुरती नाही. गर्भ विशिष्ट लिंगाचाच असण्याची शक्यता वाढावी म्हणून दिलेलं औषध किंवा सांगितलेली पद्धतही तिच्यात मोडते. कार्यकर्त्यांनी हे लक्षात ठेवावं.

माझा सगळ्यात मोठा आक्षेप मात्र वेगळाच आहे. ही पुस्तकं बाळाची सगळी जबाबदारी आईच्या मनावर टाकतात. तिने काय ऐकलं, काय पाहिलं, तिला राग आला का, यावर बाळ ठरणार. तिच्या ताटात काय आहे, ती आठव्या महिन्यापर्यंत विटा उचलत होती का, तिला रजा मिळाली का, दवाखाना किती लांब आहे, हे प्रश्न त्या पानांवर फारसे येतच नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या गरोदर स्त्रियांपैकी ५२.२ टक्के रक्तक्षय असलेल्या आढळल्या. म्हणजे निम्म्याहून जास्त. त्यांच्यासाठी शांत सुरावट लावायची की लोहाची गोळी द्यायची, हा खरंतर प्रश्नच नसावा.

आता आपल्या घरातल्या पुस्तकांकडे वळू. बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' आपण दलित स्त्रीचं आत्मकथन म्हणून वाचतो, अभ्यासक्रमाला लावतो. ते १९८२ मध्ये 'स्त्री' मासिकातून क्रमशः आलं आणि १९८६ मध्ये पुस्तक झालं. मला ते बाळंतपणावरचं मराठीतलं एक महत्त्वाचं पुस्तक वाटतं. फलटण परिसरातल्या महारवाड्यात कोवळ्या वयाच्या पोरी कशा बाळंत होत, अडलेल्या बाईच्या अंगात शेजारणी पुन्हा पुन्हा हात घालून कसं पाहत, बाळंत झाल्यावर तिला पोटभर भाकरीही कशी मिळत नसे, किती आया आणि किती लेकरं त्यातच जात, हे त्यांनी कुठलाही आडपडदा न ठेवता लिहिलं आहे. त्या बायांचे 'संस्कार' कमी पडत नव्हते. अन्न, स्वच्छता आणि शिकलेला हात, या तीन गोष्टी कमी पडत होत्या.

इथे एक विसंगती समाजशास्त्राच्या विद्यार्थिनीला खटकल्याशिवाय राहत नाही. अनेक भागांत गावची बाळंतपणं करायला जायच्या त्या सुइणी मांग, महार अशा जातींतल्या. नाळ कापणं, रक्त-वार आवरणं हे विटाळाचं काम, म्हणून ते आपल्या आज्यांच्या वाट्याला. ज्ञानाचे ग्रंथ एका बाजूला आणि रक्तात भिजलेले हात दुसऱ्या बाजूला. आणि तरीही आज आपल्याच काही घरांत बाळंतिणीला दहा-बारा दिवस विटाळ मानून खोलीच्या कोपऱ्यात ठेवतात, तिची ताटवाटी वेगळी करतात. ज्या शब्दाने आपल्याला गावाबाहेर ठेवलं, तोच शब्द घरातल्या ओल्या बाळंतिणीला लावायचा? यावर विहारात एकदा मोकळेपणाने बोलायला हवं.

पाचवीच्या पूजेचंही तसंच. पाचव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, ही समजूत महाराष्ट्रभर आहे. पाचव्या-सहाव्या दिवसाचीच एवढी धास्ती का, याचं एक कारण दिसतं. गंजकं विळत, पात्याची कपची अशा कशानेही नाळ कापली आणि वर राख किंवा शेण लावलं की बाळाला धनुर्वात व्हायचा, आणि तो जन्मानंतर काही दिवसांनी, बहुतेकदा पहिल्या एक-दोन आठवड्यांतच दिसायचा. बाळ दूध ओढेनासं व्हायचं, आखडायचं, जायचं. मग स्वच्छ पातं आणि गरोदर बाईला धनुर्वाताचं इंजेक्शन, एवढ्या साध्या गोष्टी गावोगाव पोहोचल्या आणि २०१५ मध्ये भारतातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जागतिक पातळीवर मान्य झालं. सटवाईचा लेख आरोग्यसेविकेने पुसला, असं म्हणायला हरकत नाही.

बाबासाहेबांनाही हा विषय काही परका नव्हता. भीमाबाईंना झालेलं हे चौदावं अपत्य. आई गेली तेव्हा भीमराव लहानच होते. रमाई आणि बाबासाहेबांची पाच मुलं; त्यांतली गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार अगदी लहानपणी गेली. एकटे यशवंतराव जगले. राजरत्न गेला १९२६ मध्ये. त्यानंतर दोन वर्षांनी, २८ जुलै १९२८ रोजी, मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने बाबासाहेब बोलले. प्रसूतीच्या आधी आणि नंतर काही काळ आईला विश्रांती मिळणं देशाच्याच हिताचं आहे, म्हणून या खर्चाचा मोठा वाटा खरंतर सरकारने उचलावा; आणि बाईच्या श्रमातून मालक नफा मिळवतो, तेव्हा त्यालाही हात झटकता येणार नाहीत, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. पुढे केंद्रात मजूरखातं त्यांच्याकडे असताना, १९४३ मध्ये, खाणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यातही त्यांनी दुरुस्ती आणली.

१० नोव्हेंबर १९३८ चा प्रसंग आपल्या तरुणांना कमी माहीत असतो. स्वतंत्र मजूर पक्षाचे प्रभाकर रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा प्रस्ताव मांडला. त्यामागचं भाषण बाबासाहेबांचं होतं. वारंवारच्या बाळंतपणांनी बाईचं शरीर कसं खचतं, मुलांची आबाळ कशी होते आणि मूल हवं की नको हे ठरवण्याचा हक्क तिला का हवा, याची त्यात सविस्तर मांडणी आहे. बाळंतपणाच्या वेणा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर एकाहून जास्त मुलं कुणी होऊ दिली नसती, असा टोलाही त्यात आहे. प्रस्ताव फेटाळला गेला. त्याच्या चार वर्षं आधी, १९३४ मध्ये, 'समाजस्वास्थ्य' मासिकातून लैंगिक शिक्षण आणि संततिनियमनावर लिहिणाऱ्या र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांचे वकील होते बाबासाहेब. ही दोन्ही भाषणं महाराष्ट्र शासनाने काढलेल्या इंग्रजी 'रायटिंग्ज अँड स्पीचेस'च्या दुसऱ्या खंडात आहेत. अनेक विहारांच्या कपाटात तो खंड असतो. मुलींच्या अभ्यासवर्गात तो क्वचितच उघडला जातो.

म्हणजे आईपणाकडे पाहण्याची आपली स्वतःची एक रीत आहे. तिच्यात मूल हा घराण्याचा वारस ठरत नाही आणि आई हे भांडं ठरत नाही. बाळंतपण हा आईच्या शरीराचा, तिच्या निर्णयाचा आणि समाजाने उचलायच्या खर्चाचा विषय आहे.

आजचा हिशेब याच रीतीने मांडून पाहू. १९६१ चा प्रसूती लाभ कायदा २०१७ मध्ये सुधारला आणि पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आली. धुणीभांडी करणारी, ऊसतोडीला जाणारी, कचरा वेचणारी बाई त्यात कुठेच बसत नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६००० रुपयांच्या लाभाचा हक्क दिला. प्रत्यक्षात मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५००० रुपये मिळतात, आणि दुसऱ्यासाठी ती मुलगी असेल तरच ६०००. कायदा आणि योजना यांच्यातला हा फरक तुमच्या वस्तीतल्या किती बायांना माहीत आहे? संघटनांनी निवेदनं द्यायला विषय शोधत बसू नये.

आता मूळ प्रश्नाचं उत्तर. बाळंतिणीच्या उशाशी ठेवायचं पहिलं पुस्तक फुकट मिळतं, आणि ते बहुधा घरात आधीच असतं. माता व बाल संरक्षण कार्ड. गरोदरपणाची नोंदणी केली की आशाताई, नर्सबाई किंवा अंगणवाडीताई ते देते. बहुतेक घरांत ते 'दवाखान्याचा कागद' म्हणून पिशवीत पडून राहतं आणि फक्त डोस द्यायच्या दिवशी बाहेर निघतं. ते वाचायचं असतं, हे कुणी सांगितलेलंच नसतं.

त्यात गरोदरपणातल्या किमान चार तपासण्यांच्या नोंदी असतात: वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवीची तपासणी. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर रक्तक्षय, ७ च्या खाली असेल तर तीव्र, म्हणजे ताबडतोब मोठ्या दवाखान्यात जायचं. लोहाच्या १८० गोळ्या गरोदरपणात आणि तेवढ्याच बाळंतपणानंतर घ्यायच्या. या गोळ्यांबद्दल वस्तीत फार गैरसमज आहेत. शी काळी होते म्हणून घाबरून बाया त्या बंद करतात. ते नेहमीचंच आहे, त्याने काही बिघडत नाही. गोळी चहाबरोबर घेतली तर अंगी लागत नाही. कॅल्शियमची आणि लोहाची गोळी एकत्र घेऊ नये, मध्ये काही तास जाऊ द्यावेत. लिंबू पिळलेल्या जेवणाने लोह चांगलं शोषलं जातं. एवढ्या चार ओळी सासूबाईंना वाचून दाखवल्या तरी फरक पडतो.

बाळाच्या पानांवर वाढीचा तक्ता असतो, मुलीसाठी वेगळा आणि मुलासाठी वेगळा. हिरवा, पिवळा, केशरी असे पट्टे. अंगणवाडीत वजन झालं की त्या महिन्याच्या रेषेवर ठिपका द्यायचा आणि मागच्या ठिपक्याला जोडायचा. आई-बाप फक्त रंग पाहतात. पाहायची असते ती रेषेची दिशा. जन्मतः बारीक असलेलं बाळ खालून वर चढत असेल तर ते ठीक चाललं आहे. हिरव्या पट्ट्यातलं गुटगुटीत बाळ दोन-तीन महिने आडव्या रेषेवर थांबलं असेल तर काहीतरी चुकतंय: दूध पुरत नाही, वरचं खाणं उशिरा सुरू झालं किंवा आजारपण आहे. पिवळ्यात घसरण्याआधीच हे कळतं, आणि तेव्हा उपाय सोपा असतो. (जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं आणि दहा-पंधरा दिवसांत भरून येतं. त्यावरून लगेच 'दूध पातळ आहे' म्हणत डबा आणू नये.)

डब्यावरून आठवलं. नवीन आई-बापांना दुधाच्या डब्याच्या आणि बाळाच्या खाण्याच्या कंपन्यांचं रंगीत 'मार्गदर्शन' सहज मिळतं. १९९२ च्या कायद्याने बाळाच्या दुधाच्या पावडरची आणि बाटल्यांची जाहिरात करायला, फुकट नमुने वाटायला बंदी आहे. दुधाच्या डब्यावर बाळाचं चित्रसुद्धा छापता येत नाही. असा कडक कायदा करावा लागला, यावरूनच धंद्याचा जोर समजावा. जन्मल्यावर तासाभरात अंगावर घेणं, पहिला चीक देणं, सहा महिने फक्त आईचं दूध, मध-गुटी-पाणी काहीही नाही, हे कार्डात साध्या मराठीत आणि चित्रांसह आहे.

कार्डावरची धोक्याची लक्षणं घरातल्या पुरुषाने पाठ करावीत, असं मी आग्रहाने सांगते. बाळ दूध ओढत नाही, मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, छाती आत ओढली जाते, अंग गार पडलंय किंवा तापलंय, तळहात-तळपाय पिवळे, झटके; आईला जास्त रक्तस्राव, डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी, ताप, घाण वासाचा स्राव. यातलं एक दिसलं तरी १०२ किंवा १०८. मुहूर्त, नवस, 'उद्या बघू' नको. अंगुलिमाल सुत्तात प्रसववेदनांनी तळमळणारी बाई आहे, आणि थेरवादी देशांत ते परित्राण गरोदर स्त्रीसाठी म्हणतात. आपणही म्हणावं, गाडी बोलावून झाल्यावर. सिद्धार्थ सात दिवसांचा असताना महामाया गेली आणि गौतमीने त्याला वाढवलं, ही आपल्या परंपरेतली पहिलीच गोष्ट आहे. मातामृत्यू आपल्याला कथेतसुद्धा अनोळखी नाही.

घरी येणारी आशाताई हीसुद्धा एका मराठी कामाची देणगी आहे, हे थोडक्यात सांगते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्या बायांनाच नवजात बाळाच्या काळजीचं शिक्षण दिलं आणि तिथले नवजात मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते प्रसिद्ध झालं. आज दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाने ४२ दिवसांत सहा वेळा यायचं असतं. येते का, हे बघा. येत असेल तर तिला चहा द्या, कारण तिला मिळणारा मोबदला लाजिरवाणा आहे. राणी बंग यांचं 'कानोसा' हे पुस्तकही वाचावं. गावातल्या बाया आपल्या शरीराबद्दल काय बोलतात, हे डॉक्टरने कान देऊन ऐकलेलं आहे.

एक विषय मात्र बाजारातल्या पुस्तकांत फारसा सापडत नाही, आणि तो खास आपला आहे. सिकलसेल. विदर्भात आदिवासी समाजांबरोबर बौद्ध समाजातही या आजाराचं प्रमाण लक्षणीय आहे. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया इथली आणि तिथून पुण्या-मुंबईला आलेली जोडपी, सगळ्यांना हे लागू आहे. वाहक (एएस) माणूस ठणठणीत असतो, त्यामुळे पत्ता लागत नाही. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी (एसएस) असण्याची शक्यता चारात एक असते. एकच वाहक असेल तर मूल आजारी होत नाही, फार तर वाहक होतं. आधी साधी सोल्युबिलिटी चाचणी आणि ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, एवढंच करायचं असतं. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन सतत कमी राहत असेल तर नुसत्या लोहाच्या गोळ्या वाढवून थांबू नये, ही तपासणी मागावी. एसएस असलेल्या बाईचं बाळंतपण जोखमीचं असतं, ते मोठ्या दवाखान्यातच व्हावं. केंद्राने १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केलं आहे, तेव्हा सरकारी दवाखान्यात तपासणी मागायला संकोच नको. वधू-वर परिचय मेळाव्यांच्या फॉर्मवर उंची, रंग आणि पगाराचे रकाने असतात. त्याऐवजी मेळाव्याच्या मांडवात तपासणीचं टेबल लावा. अहवाल मात्र ज्याचा त्याच्याच हातात द्यावा. त्याची यादी करून फळ्यावर लावली तर मुलींची लग्नं मोडतील आणि पुन्हा कुणी तपासायला येणार नाही.

बाळंतपणानंतरच्या उदासीबद्दलही बोलायला हवं. 'बाळ झालं तरी रडतेस कशाला' हे वाक्य फार ऐकू येतं. दोन आठवडे उलटूनही रडू थांबत नसेल, बाळाकडे पाहावंसं वाटत नसेल, तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. १४४१६ हा टेलि-मानसचा मोफत क्रमांक मराठीतही बोलतो. थेरीगाथेत मुलं गमावलेल्या किसा गौतमी आणि पटाचारा आहेत. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या बायांचं हे दुःख आपल्या धम्मग्रंथात अदबीने जपून ठेवलं आहे, ही साधी गोष्ट नाही. बाळ गेलेल्या घरी सांत्वनाला जाताना ते पुस्तक सोबत न्यावं.

विहारातल्या रविवारच्या वर्गात एक तास या कार्डासाठी काढता येईल. गरोदर मुली, त्यांचे नवरे आणि सासवा एकत्र बसतील, अंगणवाडीताईला बोलवायचं, एकेक पान मोठ्याने वाचायचं, आणि बाळ असलेल्यांनी आपापला तक्ता तिथेच भरायचा. ज्यांचे ठिपके तीन-तीन महिने पडलेलेच नाहीत, त्या अंगणवाडीतल्या काट्याची चौकशी करायची. बऱ्याचदा काटाच बिघडलेला असतो आणि कुणी तक्रार केलेली नसते.

आणखी एक. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते. बॅगेत साड्या, डिंक, अळीव, बाळाची टोपडी सगळं भरलं जातं आणि कार्ड सासरच्या कपाटात राहतं. मग माहेरच्या दवाखान्यात तिचा रक्तगट, आधीचा रक्तदाब, घेतलेली इंजेक्शनं यांतलं काहीच सांगता येत नाही, आणि बाळाचे पहिले डोस वेगळ्याच चिठ्ठीवर लिहिले जातात. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून सगळ्यात वर ठेवावं, आणि निघण्याआधी नवऱ्याने प्रत्येक पानाचा फोटो आपल्या मोबाइलमध्ये काढून घ्यावा.